डिस्क आहे, पण इन्स्टॉलरला दिसत नाही

विंडोज टाकायला बसलं की आधी भाषा, मग अटी आणि त्यानंतर 'कुठे टाकायचं' असं विचारणारा पडदा येतो. तिथे डिस्कची आणि तिच्या पार्टिशनची यादी असायला हवी. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच लॅपटॉपवर ती यादी कोरी येते. एकही ड्राइव्ह सापडला नाही, स्टोरेज ड्रायव्हर हवा असेल तर 'लोड ड्रायव्हर' दाबा, एवढंच इन्स्टॉलर सांगतो. मशीन नवं, एसएसडी नवी, बायोसमध्ये तिचं नाव आणि क्षमता व्यवस्थित दिसते आहे. तरी इन्स्टॉलरच्या लेखी ती नाहीच.

आपल्याकडे हा पडदा बऱ्याच लोकांच्या वाट्याला येतो, त्याला कारण आहे. कंपनीने विंडोज टाकून दिलेला लॅपटॉप घेतला तर ड्रायव्हर आधीच आत असतो आणि असा काही प्रश्न आहे हे कळतही नाही. पण चार पैसे वाचावेत म्हणून 'डॉस'वाला लॅपटॉप घ्यायचा आणि विंडोज दुकानातून टाकून घ्यायचं, ही आपली जुनी रीत. लहान एसएसडी काढून मोठी बसवणारे आणि त्याच बैठकीत 'फॉरमॅट मारून' घेणारेही पुष्कळ. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा आधार संपला आणि विंडोज ११ नव्याने टाकायचं निमित्त आणखी अनेकांना मिळालं. मुंबईत लॅमिंग्टन रोड असो की पुण्यात तपकीर गल्ली, 'लॅपटॉप एसएसडी पकडत नाही' ही तक्रार दुरुस्तीच्या काउंटरला नवी नाही. काउंटरवर गर्दी असते, घाई असते, आणि मग धडधाकट डिस्क 'गेली' म्हणून बदलली जाते. गिऱ्हाइकाचे काही हजार रुपये जातात आणि नव्या डिस्कवरही यादी कोरीच येते.

ड्रायव्हर कमी पडणं मला समजतं. त्याची कारणं पुढे येतीलच. मला खुपते ती दुसरी गोष्ट. कोणत्या कंट्रोलरसाठी ड्रायव्हर नाही, हे त्या क्षणी इन्स्टॉलरला ठाऊक असतं आणि तो ते पडद्यावर लिहीत नाही. या प्रश्नाचा सगळा मागोवा घेतला तर लोकांचा सर्वाधिक वेळ याच एका मौनापायी गेलेला दिसतो.

मशीन सुरू झालं की सूत्रं फर्मवेअरकडे, म्हणजे बायोस किंवा यूईएफआयकडे असतात. डिस्क वाचायची जुजबी सोय फर्मवेअरची स्वतःची असते. बूट लोडर त्या सोयीच्या जोरावर कर्नल आणि सुरुवातीला लागणारे मोजके ड्रायव्हर मेमरीत आणून ठेवतो. कर्नलने ताबा घेतला की तो फर्मवेअरच्या मार्गाने डिस्क वाचत नाही, कंट्रोलरशी थेट बोलतो, आणि त्यासाठी त्याला त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर लागतो. म्हणून बायोसला दिसलेली डिस्क विंडोजला दिसेलच असं नाही. मात्र बायोसलाच डिस्क दिसत नसेल तर जगातला कोणताही ड्रायव्हर उपयोगाचा नाही. तिथे डिस्क नीट बसली आहे का, एम.२ची खाच साटासाठी आहे की एनव्हीएमईसाठी, हे आधी बघायचं. निदानाची ही पहिली पायरी दोन मिनिटांची आहे आणि सर्वांत जास्त वेळा तीच वगळली जाते.

इन्स्टॉलेशनच्या वेळी अडचण वाढते, कारण कर्नल पेन ड्राइव्हवरून आलेला असतो आणि त्याच्यासोबत फक्त पेन ड्राइव्हवरचे ड्रायव्हर असतात. आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलरची मूळ प्रतिमा-फाइल, ज्या दिवशी तयार झाली त्या दिवसापर्यंतचंच जग तिला ठाऊक. त्यानंतर बाजारात आलेला कंट्रोलर तिच्या दृष्टीने अनोळखी. यावरचा खरा तोडगा म्हणजे मानक: सगळ्या कंपन्यांचे कंट्रोलर एकाच ठरलेल्या पद्धतीने बोलू लागले तर एकच ड्रायव्हर सगळ्यांना चालतो. साटा डिस्कसाठी २००४मध्ये आलेलं एएचसीआय आणि पीसीआय एक्स्प्रेसवरच्या एसएसडींसाठी २०११मध्ये आलेलं एनव्हीएमई ही अशी दोन मानकं. या प्रश्नाचा सगळा इतिहास एका ओढाताणीचा आहे. मानक रुळतं तेव्हा कोरी यादी दिसेनाशी होते. मग कुणीतरी मानकाच्या वर स्वतःचा एक थर चढवतं आणि ती परत येते.

विंडोज एनटीच्या काळात हा त्रास सर्व्हरवाल्यांपुरता होता. स्कझी डिस्कची आणि रेडची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणारी, कार्डं नाना कंपन्यांची, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. घरच्या पीसीत आयडीई डिस्क असायची आणि ती सगळ्यांना कळायची. एक्सपी आलं २००१मध्ये आणि पुढच्या तीन-चार वर्षांत घरोघरी साटा डिस्क आल्या. एक्सपीकडे एएचसीआयचा ड्रायव्हर मुळातच नव्हता. त्याच्या इन्स्टॉलरच्या निळ्या पडद्याच्या तळाशी काही क्षण एक ओळ यायची: स्कझी किंवा रेडचा ड्रायव्हर टाकायचा असेल तर एफ६ दाबा. ती चुकली की पुन्हा रीस्टार्ट. दाबली तरी लगेच काही घडायचं नाही. बऱ्याच फायली लोड झाल्यावर मग इन्स्टॉलर 'एस' दाबायला सांगायचा आणि ए ड्राइव्हमध्ये निर्मात्याची फ्लॉपी घाला म्हणायचा. फ्लॉपीच्या मुळाशी टीएक्सटीसेटअप.ओईएम नावाची फाइल असली पाहिजे, फोल्डरच्या आत असून चालायचं नाही. शिवाय इन्स्टॉलर फायली कॉपी करताना त्याच फ्लॉपीकडे पुन्हा वळायचा, म्हणून ती मध्येच काढून ठेवली तर सगळं मुसळ केरात.

फार त्रासाचा भाग असा की त्याच सुमारास लॅपटॉपमधून फ्लॉपी ड्राइव्ह निघून गेला होता. सीडी असो, पेन ड्राइव्ह असो, एक्सपी या कामासाठी ते मानायचं नाही. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हही ठरावीकच चालायचे. २००७नंतर व्हिस्टा असलेले लॅपटॉप विकत घेऊन त्यावर एक्सपी टाकून मागणारे लोक आपल्याकडे होते, आणि दुरुस्तीवाल्यांनी तेव्हा तीन मार्ग काढले. पहिला, एनलाइटसारखं साधन वापरून ड्रायव्हर आधीच सीडीत मुरवायचा आणि नवी सीडी जाळायची. दुसरा, यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह दुकानात जपून ठेवायचा. तिसरा सर्वांत सोपा: बायोसमध्ये साटाची पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर आणायची, म्हणजे नवी डिस्क जुन्या बोलीत बोलते आणि एक्सपीला कळते. हा तिसरा मार्ग अनेक मशीनवर कायमचा राहिला. पुढे कुणी बायोस पूर्ववत केलं की विंडोज सुरू होताना निळा पडदा आणि त्यावर ७बी हा कोड, म्हणजे बूट डिस्कपर्यंत पोचता आलं नाही. डिस्कवरचा सगळा डेटा शाबूत असायचा. एका सेटिंगचा बदल परत फिरवला की मशीन चालू. ते ठाऊक नसल्यामुळे किती जणांनी फॉरमॅट मारून वर्षांचे फोटो घालवले असतील, या विचाराने आजही वाईट वाटतं.

व्हिस्टाने इन्स्टॉलरची बैठकच बदलली. एफ६ची जागा 'लोड ड्रायव्हर' या बटणाने घेतली, पेन ड्राइव्ह चालू लागला, एएचसीआयचा ड्रायव्हर आतच आला. विंडोज ७ने तीच व्यवस्था पुढे चालवली आणि काही वर्षं हा विषय जवळजवळ मिटला. मग २०१५च्या सुमारास दोन्ही बाजूंनी पंचाईत झाली. एसएसडी एनव्हीएमईवर गेल्या आणि विंडोज ७कडे एनव्हीएमई नव्हतं. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी केबी २९९०९४१ हा हॉटफिक्स दिला होता, पण तो आयएसओत स्वतः मुरवावा लागे. त्याच वेळी इंटेलच्या स्कायलेक पिढीच्या चिपसेटमधून यूएसबी २चा जुना कंट्रोलर काढला गेला आणि विंडोज ७ला यूएसबी ३ येत नव्हतं. परिणाम असा की पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू व्हायचा, कारण तो फर्मवेअरने वाचलेला. आणि पहिला पडदा आल्यावर माउस, कीबोर्ड आणि खुद्द तो पेन ड्राइव्ह, तिन्ही त्याला दिसेनासे व्हायचे.

इथेच या विषयातला सर्वांत दिशाभूल करणारा संदेश भेटायचा. 'सीडी किंवा डीव्हीडीचा आवश्यक ड्रायव्हर सापडत नाही', असं विंडोज ७ म्हणायचं. मशीनमध्ये डीव्हीडी ड्राइव्हच नसला तरी म्हणायचं. त्याचा खरा अर्थ, 'मी ज्या माध्यमावरून सुरू झालो तेच मला आता वाचता येत नाही.' विंडोज ८पासून शब्द बदलले, 'तुमच्या कॉम्प्युटरला लागणारा माध्यमाचा ड्रायव्हर नाही, तो डीव्हीडीचा, यूएसबीचा किंवा हार्ड डिस्कचा असू शकेल', असं झालं. मोघमपणा उलट वाढला. लोक हा संदेश वाचून हार्ड डिस्कचे ड्रायव्हर धुंडाळत बसतात आणि एकही लागू पडत नाही, कारण डिस्कचा इथे बहुधा संबंधच नसतो. आयएसओ अर्धवट उतरलेली असते, पेन ड्राइव्ह नीट तयार झालेला नसतो, किंवा तो अशा यूएसबी पोर्टमध्ये असतो जो इन्स्टॉलरला कळत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: डिस्कची यादी येण्याच्या आधीच हा संदेश आला तर आधी पोर्ट बदला, मग आयएसओचा हॅश मायक्रोसॉफ्टने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहा, मग पेन ड्राइव्ह नव्याने तयार करा. एवढं झाल्यावर ड्रायव्हरचं नाव काढा. यादीचा पडदा आला आणि तो कोरा असला, तर मात्र प्रश्न कंट्रोलरचा.

आता आजच्या मुख्य कारणाकडे येतो: इंटेलचं व्हीएमडी, म्हणजे व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस. २०१७च्या झिऑन स्केलेबल प्रोसेसरांबरोबर ते सर्व्हरमध्ये रुजलं. सर्व्हरमध्ये त्याची गरज खरी आहे. चालू मशीनमधून एनव्हीएमई डिस्क काढणं-घालणं, बिघडलेल्या डिस्कचा दिवा लावणं, प्रोसेसरच्या आधारावर रेड बांधणं ही कामं त्याने सोपी केली. २०२०मध्ये अकराव्या पिढीच्या टायगर लेकपासून तेच लॅपटॉपमध्ये आलं आणि अनेक निर्मात्यांनी ते कारखान्यातूनच चालू करून पाठवायला सुरुवात केली. ज्या लॅपटॉपमध्ये एकच एसएसडी आहे आणि दुसरी बसवायला जागासुद्धा नाही, त्यातही रेडची ही यंत्रणा चालू.

व्हीएमडी चालू असताना नेमकं काय होतं, हे लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून एलएसपीसीआय ही आज्ञा दिली की स्वच्छ दिसतं. ००:०ई.० या पत्त्यावर इंटेलचा 'रेड बस कंट्रोलर' दिसतो. एनव्हीएमई एसएसडी नेहमीच्या ठिकाणी नसतेच. ती यादीच्या शेवटी १०००० या आकड्याने सुरू होणाऱ्या एका वेगळ्याच पत्त्यावर, त्या रेड कंट्रोलरच्या आड उभी असते. म्हणजे एनव्हीएमईचा ड्रायव्हर विंडोजकडे आहे, आणि एसएसडीही पूर्णपणे मानकाप्रमाणे चालणारी आहे. मध्ये व्हीएमडीचं दार आहे आणि त्या दाराचा ड्रायव्हर नाही, म्हणून पलीकडचं काही दिसत नाही. मानकावर थर चढवण्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

उपाय दोन. एक, ड्रायव्हर द्यायचा. दुसरा, बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचं. पहिला कुठेही चालतो. लॅपटॉप-निर्मात्याच्या अधिकृत पानावर आपल्या नेमक्या मॉडेलचं नाव घालून इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा, म्हणजे आरएसटीचा ड्रायव्हर शोधायचा. तो बहुतेक वेळा चालवायच्या एक्सई फाइलच्या रूपात मिळतो आणि इथे लोक हमखास अडकतात, कारण 'लोड ड्रायव्हर'ला एक्सई नको असते, आयएनएफ, एसवायएस आणि कॅट या सुट्या फायली हव्या असतात. इंटेलच्या सेटअपआरएसटी या फाइलला दुसऱ्या एखाद्या विंडोज मशीनवर '-एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स' हा पर्याय आणि फोल्डरचा पत्ता देऊन चालवलं की त्या सुट्या होतात. आयएस्टॉरव्हीडी नावाची आयएनएफ दिसली म्हणजे व्हीएमडीचा ड्रायव्हर हाती आला. ते फोल्डर, झिपमध्ये असेल तर बाहेर काढून, विंडोजच्याच पेन ड्राइव्हवर ठेवावं. इन्स्टॉलर झिपच्या आत बघत नाही. कित्येक पॅकेजांमध्ये या फोल्डरच्या नावात अजून 'एफ६' आणि फ्लॉपीचा संक्षेप 'एफएलपीवाय' सापडतो. फ्लॉपी गेली, एफ६ गेलं, प्रश्न मात्र नावानिशी राहिला.

'लोड ड्रायव्हर'च्या खिडकीत 'या मशीनला न जुळणारे ड्रायव्हर लपवा' अशी एक चौकट असते. ती तशीच खूण केलेली ठेवावी. फोल्डर दाखवल्यावर नाव आलं, तर ड्रायव्हर बरोबर आहे. 'आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर' आणि पुढे ९ए०बी, ४६७एफ किंवा ए७७एफ असा क्रमांक दिसेल, अनुक्रमे अकराव्या, बाराव्या आणि तेराव्या पिढीचा. काहीच नाव आलं नाही तर ड्रायव्हर वेगळ्याच पिढीचा आहे. अशा वेळी ती खूण काढून दिसेल तो ड्रायव्हर रेटून भरणारे लोक मी पाहिले आहेत. तसं केल्याने डिस्क दिसत नाही. नुसतीच खात्री होते की ड्रायव्हर टाकून पाहिला, काही झालं नाही, म्हणजे डिस्कच खराब. एएमडीच्या रेडमध्ये तर तीन ड्रायव्हर ठरलेल्या क्रमाने द्यावे लागतात, आरसीबॉटम, मग आरसीरेड, मग आरसीसीएफजी. पहिला देऊन थांबलं की तिथेही हेच होतं.

दुसरा उपाय, व्हीएमडी बंद करणं. याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. माझं मत असं: एकच एसएसडी असलेला लॅपटॉप, रेड नाही, आणि विंडोज नव्याने कोऱ्या डिस्कवर टाकायचं आहे, तर व्हीएमडी निःशंक बंद करावं. रोजच्या वापरात काही गमवायचं नाही आणि पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलेशनचा, प्रत्येक दुरुस्तीचा ताप वाचतो. पण डिस्कवर चालतं विंडोज आणि डेटा असेल तर त्या सेटिंगला हात लावू नये. तसं केलं की जुना ७बीचा निळा पडदा येतो. आधी सेफ मोडमध्ये सुरू होण्याची सोय करून, मग सेटिंग बदलून, मग सेफ मोडमधून बाहेर पडण्याचा मार्ग अनेकदा चालतो, पण त्याआधी बिटलॉकरचं काय ते बघायलाच हवं. नव्या विंडोज ११मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की पुष्कळ मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, मालकाला पत्ताही नसतो. बायोसचं सेटिंग बदललं की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती की मालकाच्या खात्यात सापडते का, हे सेटिंग बदलण्याआधी तपासा, नंतर नाही. दुकानदाराने गिऱ्हाइकाला हे विचारणं मी कामाचा भाग मानतो.

लिनक्समध्ये चित्र वेगळं आहे. तिथे स्टोरेजचे ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात, व्हीएमडीचा ड्रायव्हर २०१६च्या ४.५ या आवृत्तीपासून आहे, आणि म्हणून विंडोजला न दिसणारी एसएसडी उबुंटूच्या पेन ड्राइव्हवर पटकन दिसते. डिस्क जिवंत आहे याचा हा सर्वांत स्वस्त पुरावा. पण लिनक्सलाही या थराने छळलेलं आहे. व्हीएमडीच्या आधी इंटेलची आरएसटी पद्धत एनव्हीएमई डिस्कला साटा कंट्रोलरच्या पोटात लपवायची आणि तिचा तपशील उघड नसल्याने कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर आला नाही. २०१६मध्ये लेनोव्होच्या योगा ९०० मालिकेतल्या लॅपटॉपवर ही पद्धत अशी पक्की केलेली होती की बायोसमध्ये एएचसीआयचा पर्यायच नव्हता. लिनक्स टाकणं अशक्य झालं. बराच गदारोळ झाल्यावर कंपनीने एएचसीआयचा पर्याय असलेलं बायोस दिलं. उबुंटूच्या इन्स्टॉलरमध्ये पुढे एक पडदा आला: या मशीनवर आरएसटी चालू आहे, ती बंद केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तो पडदा मला फार महत्त्वाचा वाटतो. अडचण कुठे आहे हे तो नाव घेऊन सांगतो.

लिनक्सच्या सर्व्हरवर उलट दिशेचाही प्रसंग येतो. हार्डवेअर जुनं आणि ऑपरेटिंग सिस्टीम नवी. २०१९मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ने कित्येक जुन्या रेड आणि एसएएस कंट्रोलरांचा आधार काढून टाकला. एलएसआयची एसएएस२००८ ही चिप त्यातलीच, आणि ती असंख्य सर्व्हरांमध्ये होती. आवृत्ती सातवर उत्तम चाललेला सर्व्हर आठच्या इन्स्टॉलरला रिकामा दिसू लागला. यावर ड्रायव्हर अपडेट डिस्क हा मार्ग आहे: बूट करताना इन्स्ट.डीडी हा पर्याय द्यायचा आणि ड्रायव्हर वेगळ्या माध्यमावरून पुरवायचा. एलरेपो या स्वयंसेवकांच्या प्रकल्पाने काढून टाकलेले बरेच ड्रायव्हर अशा रूपात उपलब्ध ठेवले. जुनी यंत्रं वर्षानुवर्षं चालवावी लागणाऱ्या संस्थांसाठी हे काम मोलाचं आहे.

आणि जिथे खरी डिस्कच नाही तिथेही हे चुकत नाही. केव्हीएमच्या आभासी मशीनमध्ये वेगासाठी व्हर्टआयओ डिस्क दिली की विंडोजचा इन्स्टॉलर तीच कोरी यादी दाखवतो. व्हर्टआयओ-विन ही आयएसओ दुसरी सीडी म्हणून जोडायची आणि तिच्यातून ड्रायव्हर द्यायचा. डिस्क व्हर्टआयओ ब्लॉक असेल तर व्हायोस्टोर, व्हर्टआयओ स्कझी असेल तर व्हायोस्कझी. या दोन फोल्डरांची अदलाबदल हीच इथली नेहमीची चूक.

ज्यांना एकाच प्रकारचे पन्नास-शंभर लॅपटॉप तयार करायचे आहेत, उदाहरणार्थ एखादं महाविद्यालय किंवा बँकेची शाखा-कार्यालयं, त्यांनी प्रत्येक मशीनवर 'लोड ड्रायव्हर' दाबत बसू नये. डिसम हे विंडोजचंच साधन वापरून ड्रायव्हर बूट.विम या फाइलच्या दुसऱ्या क्रमांकाच्या प्रतिमेत मुरवता येतो. पहिल्या क्रमांकाची प्रतिमा नुसती विंडोज पीई असते आणि सेटअप दुसरीतून चालतो, त्यामुळे पहिलीत भरून 'काही उपयोग नाही' म्हणणारे बरेच. इन्स्टॉल.विममध्येही तोच ड्रायव्हर घालावा, नाहीतर सेटअपला दिसलेली डिस्क पहिल्या रीस्टार्टनंतर हरवायची. याहून सोपा मार्ग फारसा कुणी सांगत नाही: पेन ड्राइव्हच्या मुळाशी दोन्ही बाजूंना डॉलरची खूण असलेलं 'विनपीईड्रायव्हर' नावाचं फोल्डर करून त्यात ड्रायव्हर टाकले की सेटअप ते स्वतःहून उचलतो. दुकानात नेहमी लागणाऱ्या पेन ड्राइव्हवर हे फोल्डर एकदा भरून ठेवलं तर कोरी यादी बघायची वेळ क्वचितच येईल.

ड्रायव्हर आणावा कुठून, याबद्दल मी ठाम आहे: मशीनच्या निर्मात्याकडून किंवा इंटेल, एएमडीसारख्या चिप-निर्मात्याकडून. 'सर्व ड्रायव्हर एकाच पॅकमध्ये' देणाऱ्या अनोळखी ठिकाणांवरून आणलेली फाइल कर्नलच्या पातळीवर चालणार असते. तिथे शिरलेल्या घातक गोष्टीला थोपवणारं वर कुणी नाही.

कंट्रोलरची ओळख पटवायची असेल तर कोऱ्या यादीच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबावं. काळी खिडकी उघडते. तिथे रेजिस्ट्रीतल्या एचकेएलएम, सिस्टीम, करंटकंट्रोलसेट, एनम, पीसीआय या वाटेवर रेग क्वेरी चालवली की मशीनमधल्या प्रत्येक उपकरणाची ओळख ओळीने येते. व्हीईएन म्हणजे निर्माता आणि डीईव्ही म्हणजे उपकरण: ८०८६ असेल तर इंटेल, १०२२ असेल तर एएमडी, १०००चा अर्थ एलएसआयच्या वंशातलं कार्ड, १एएफ४ म्हणजे व्हर्टआयओ. प्रत्येक पीसीआय उपकरण आपला वर्गही सांगत असतं आणि ०१ या क्रमांकाचा वर्ग साठवणुकीच्या कंट्रोलरांचा आहे. म्हणजे 'साठवणुकीचा एक कंट्रोलर समोर आहे, तो इंटेलचा आहे, त्याचा क्रमांक ९ए०बी, आणि त्याच्यासाठी माझ्याकडे ड्रायव्हर नाही' हे संपूर्ण वाक्य लिहायला लागणारी माहिती इन्स्टॉलरच्या हाताशी आहे. उबुंटूने नाव घेऊन सांगून दाखवलं आहे. मायक्रोसॉफ्टने ही एक ओळ पडद्यावर आणावी, ही मागणी मला अगदी रास्त वाटते. ती ओळ असती तर माणूस तो क्रमांक फोनवर शोधून नेमक्या ड्रायव्हरपर्यंत पोचला असता आणि धडधाकट डिस्क टोपलीत गेली नसती.

इन्स्टॉलेशन पार पडलं की बहुतेक जण हा विषय तिथेच सोडतात, पण एक तपासणी राहते. विंडोज बिघडल्यावर जे रिकव्हरीचं वातावरण उघडतं, तेही एक छोटं वेगळं विंडोज असतं आणि त्याचे ड्रायव्हर वेगळे असतात. मुख्य विंडोजला व्हीएमडीचा ड्रायव्हर मिळाला म्हणून रिकव्हरीलाही मिळाला, असं धरून चालता येत नाही. मशीन ताब्यात देण्याआधी शिफ्ट दाबून रीस्टार्ट करावं, रिकव्हरीतलं कमांड प्रॉम्प्ट उघडावं, डिस्कपार्टमध्ये 'लिस्ट डिस्क' द्यावं. एसएसडी दिसली तर ठीक. नाही दिसली तर विनआरई.विममध्येही तोच ड्रायव्हर डिसमने घालून मगच मशीन गिऱ्हाइकाकडे द्यावं.